घरातलं रोइंग मशीन: जून ते नोव्हेंबरच्या नोंदी

१४ जून २०२५, शनिवार

आजपासून वही सुरू. विषय एकच: घरात ठेवलेल्या स्वस्त रोइंग मशीनवर (बसून नाव वल्हवल्यासारखं ओढायचं यंत्र) माझं वजन उतरतं का, आणि उतरलंच तर नेमकं कशामुळे. नाशिकच्या अंबड भागातल्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीत माझी वीसहून जास्त वर्षं गेली, त्यामुळे मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही.

सुरुवातीचे आकडे लिहून ठेवते. वय ४६, उंची १५८ सेंमी, वजन ७४.६ किलो, पोटाचा घेर ९७ सेंमी. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, जवळजवळ ३०. आपल्या लोकांसाठी डॉक्टर २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. बाईच्या कमरेची मर्यादा ८० सेंमी. गेल्या महिन्यात एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची चाचणी, ६.१ आला. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. आईला साठीच्या आत इन्सुलिन सुरू झालं होतं, तिच्या दंडावरच्या सुयांच्या खुणा मी पाहिल्यात. डॉक्टरांनी दोनच गोष्टी सांगितल्या: वजन पाच ते सात टक्के कमी करा आणि आठवड्याला दीडशे मिनिटं घाम येईल असं काहीतरी करा. सात टक्के म्हणजे मला सव्वापाच किलो. तेवढंच लक्ष्य ठेवते, त्याच्या पुढचं पुढे बघू.

रोइंगच का, तर चालायला मला आवडतं, पण आता पावसाळा लागला. सातची पाळी गाठायची तर व्यायाम पहाटे साडेपाचलाच होणार, आणि तेव्हा चिखलातून ट्रॅकवर जाणं आठवड्यातून दोनदाच जमतं. डावा गुडघा कुरकुरतो, म्हणून धावणं नको. रोइंगमध्ये पाय आपटत नाहीत, तरी मांड्या, पाठ, हात सगळं कामाला लागतं. शिवाय चुंबकाच्या अडथळ्यावर चालणाऱ्या मॅग्नेटिक मशीनला वीज लागत नाही. पावसात आमच्याकडे लाईट गेली तरी खाडा नाही.

बाजार पाहून घेतला. दोन्ही बाजूंना पिस्टन असलेलं हायड्रॉलिक दहा हजारांच्या आसपास मिळतं, जागाही कमी खातं. पण पिस्टनमधलं तेल तापलं की ओढ हलकी पडते. मॅग्नेटिक नवं घ्यायचं तर वीस-पंचवीस हजार. खेळाडू ज्यावर सराव करतात ते पंख्याचं मशीन लाखाच्या पुढे. गंगापूर रोडच्या एका घरातून वापरलेलं मॅग्नेटिक साडेनऊ हजारांना घेतलं. आठ लेव्हल, घडी होणारी रेल, शंभर किलोपर्यंत वजन चालतं.

१५ जून

ह्यांनी आणि मुलानं मिळून दुसऱ्या मजल्यावर चढवलं. वापरायच्या आधी बाजूचं कव्हर उघडून आत काय आहे ते बघितलं. धातूचं लहान फ्लायव्हील, म्हणजे ओढीबरोबर फिरणारं चाक, त्याच्या कडेला चुंबकांची पट्टी. पुढचा नॉब फिरवला की तार ओढली जाते आणि चुंबक चाकाच्या जवळ येतात. चाक फिरताना त्या धातूत गोल गोल विद्युतप्रवाह तयार होतात आणि तेच चाकाला अडवतात. एकमेकांवर घासणारं काही नाही, म्हणून आवाज कमी आणि झीजही कमी. हँडलचा नायलॉनचा पट्टा एका पुलीवर गुंडाळतो. तो परत खेचायला जाड इलास्टिक दोरी. पुलीच्या कडेला एक चिमुकलं चुंबक आणि समोर एक स्विच. पुलीचा एक फेरा झाला की मीटरला एक टिचकी जाते.

हे नीट लिहून ठेवते, कारण पुढे लागणार आहे: मीटरला फक्त पुली फिरलेली कळते. किती जोर लागला, हे कळायची सोय आत कुठेच नाही.

सीटच्या चार चाकांपैकी मागच्या एकाचं बेअरिंग खरखरतंय. बाकी ठीक.

१७ जून

खालच्या काकू जिन्यात भेटल्या. "काय गं, पहाटे पहाटे गिरणी सुरू केलीस का? आमच्या पंख्याची दांडी हलते." आवाज फ्लायव्हीलचा नाहीच. सीट पुढे जाऊन थांबते तेव्हा धक्का फरशीतून खाली जातो.

योगा मॅट दोन घड्या करून घातली, फरक नाही. उपाय गोठ्यात सापडला: गाईम्हशींखाली घालतात ती रबराची मॅट. दिंडोरी रोडवर डेअरीचं सामान मिळतं तिथून आणली. साडेसहा फूट बाय चार फूट, व्हर्निअर लावलं तर जाडी १७ मिमी. उचलायला दोघं लागतात. रबराचा वास जायला दोन दिवस गॅलरीत ठेवली. फ्लॅटमध्ये कुणी असलं मशीन घेणार असेल तर मशीनच्या पैशातच ही मॅट धरावी. व्यायामाच्या दुकानातल्या मॅटपेक्षा स्वस्त पडते आणि जनावर उभं राहतं तिच्यावर, आपलं काय घेऊन बसलात.

२१ जून

मॅटवर मशीन बसवलं. काकूंना वर बोलावून दाखवलं, मग त्या खाली गेल्या आणि मी ओढलं. खालून हाक आली, "काही नाही गं ऐकू येत."

आता खरं काम, स्ट्रोक, म्हणजे एक पूर्ण ओढ. बघणाऱ्याला वाटतं हाताचा व्यायाम आहे. पण जोराचा मोठा वाटा पायांचा आहे. क्रम असा: आधी पायांनी फळी ढकलायची, हात सरळच. पाय जवळजवळ सुटे झाले की कमरेतून किंचित मागे. सगळ्यात शेवटी हँडल बरगड्यांच्या खालच्या कडेशी. परत जाताना बरोबर उलटं: हात सुटे, कंबर पुढे, हँडल गुडघ्यांच्या पलीकडे गेलं की मगच गुडघे वाकवायचे. गुडघे आधी वाकले तर हँडलला त्यांच्यावरून उडी मारावी लागते, पट्टा वरखाली होतो. पट्टा एका सरळ रेषेत राहतोय का, एवढं बघितलं तरी निम्मं बरोबर होतं.

माझं माहेर चांदवड तालुक्यात. तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ आमच्याच तालुक्याचा. विहिरी खोदायची कामं करणाऱ्या घरातला मुलगा सैन्यात गेला, तिथे नौकानयन शिकला, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्समध्ये, म्हणजे एकट्यानं वल्हवायच्या शर्यतीत, तेरावा आला आणि २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघात सुवर्णपदक घेऊन आला. पाण्यासाठी टँकरची वाट पाहणाऱ्या मुलखातला हा पोरगा. त्याच्या शर्यतीचा व्हिडिओ आज आवाज बंद करून पुन्हा पुन्हा पाहिला, फक्त सीटकडे लक्ष ठेवून. ढकलणं झटकन, परत येणं सावकाश. मी मनात "एक" म्हणून ढकलते आणि "दोन, तीन" म्हणत परत येते. मिनिटाला २२ च्या आसपास स्ट्रोक पडतात. धाप लागते, पण सासूबाईंनी काही विचारलं तर अख्ख्या वाक्यात उत्तर देता येतं. सध्या एवढाच जोर.

डॉक्टरांनी आणखी एक बजावलंय: ओढताना श्वास रोखायचा नाही, रक्तदाब चढतो. ढकलताना सोडायचा, परत येताना घ्यायचा.

२८ जून, शनिवार

आज सुट्टी, म्हणून मीटरची परीक्षा घेतली. नॉब २ वर ठेवून दहा मिनिटं, मिनिटाला २२ स्ट्रोक. अर्धा तास विश्रांती. मग नॉब ७ वर, तेवढीच मिनिटं, तेवढेच स्ट्रोक. दुसऱ्या वेळी मांड्या भरून आल्या, नाडी मिनिटाला २२ ठोक्यांनी जास्त होती. मीटरवर कॅलरी दोन्ही वेळा सारख्याच. सासूबाईंना बसवलं, त्यांनी हलक्या हातानं ओढलं. स्ट्रोकमागे कॅलरी तेवढीच पडली. वजन, वय, लेव्हल काहीच न विचारता हा मीटर कॅलरी सांगतो, म्हणजे तो टिचक्यांना एका ठरलेल्या आकड्यानं गुणतो, बस्स.

म्हणून मीटर टाकाऊ ठरतो का? आमच्या खात्यात मोजणाऱ्या साधनाला दोन वेगळे प्रश्न विचारतात. एक, हे खरा आकडा दाखवतं का? दोन, तीच वस्तू पुन्हा पुन्हा मोजली तर तोच आकडा येतो का? पहिल्यात नापास झालेलं साधनही दुसऱ्यात पास असेल तर कामाचं असतं, फक्त त्याची तुलना त्याच्याशीच करायची. लेव्हल एकच ठेवली, स्ट्रोकचा वेग एकच ठेवला आणि वीस मिनिटांचा काऊंट, म्हणजे टिचक्यांचा आकडा, पाहिला, तर हा मीटर दर वेळी जवळजवळ तेच दाखवतो. ते मला पुरे आहे. कॅलरीच्या खिडकीवर इन्सुलेशन टेप लावला.

वजनकाट्यालाही हाच न्याय. लागोपाठ पाचदा उभी राहिले: तीनशे ग्रॅमचा फरक. मॅटवर ठेवला तर आणखी वेगळं. आता काटा बाथरूमबाहेरच्या त्याच फरशीवर, पहाटे, चहाच्या आधी. आणि वहीत रोजचं वजन नाही, आठवड्याची सरासरी.

६ जुलै, आषाढी एकादशी

साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, बटाट्याचे पापड. एकादशी आणि दुप्पट खाशी. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, साखरेच्या उंबरठ्यावरच्या माणसाला तो उपास कसला. सासूबाईंशी बोलले, पुढच्या एकादशीला वरी आणि ताक करायचं ठरलं, तेही बेतानं.

सरासरी ७४.८. वाढलंय. स्नायू नव्यानं दुखतात तेव्हा ते पाणी धरून ठेवतात, आणि पाळीच्या आधीच्या आठवड्यात माझं वजन एरवीही किलोभर चढतं. महिन्याच्या त्याच दिवसांची तुलना त्याच दिवसांशी करायची, असं ठरवून कॅलेंडरवर खुणा केल्या. हे बायकांना कुणी सांगत नाही आणि मग त्या तिसऱ्या आठवड्यात सोडून देतात.

१९ जुलै, शनिवार

आज महत्त्वाची नोंद. कामावरच्या मैत्रिणीच्या जिममध्ये पंख्याचं मशीन आहे, कॉन्सेप्ट टू कंपनीचं. एकदा वापरू द्या म्हणून विनंती केली होती. ते मशीन दोन ओढींच्या मध्ये चाक किती मंदावतं ते मोजतं आणि त्यावरून हवेचा अडथळा दर वेळी नव्यानं काढतं, म्हणून त्याच्या आकड्यावर भरवसा ठेवता येतो. घरी ज्या नाडीला ओढते, त्याच नाडीला तिथे अर्धा तास ओढलं. ५०० मीटरला २ मिनिटं ५५ सेकंद. त्या मशीनच्या सूत्रानं हे होतात ६५ वॅट.

आता हिशेब. ६५ वॅटनं १८०० सेकंद म्हणजे १ लाख १७ हजार ज्यूल, म्हणजे २८ किलोकॅलरी काम. शरीर खाल्लेल्यातला चौथा-पाचवा हिस्साच कामात उतरवतं, बाकीची उष्णता होते. म्हणजे खर्च ११० ते १४० किलोकॅलरी. माझं घरचं मीटर अर्ध्या तासाला ३१० दाखवत होतं.

१३० धरू. आठवड्याला पाच वेळा म्हणजे ६५०. एक किलो चरबीत साधारण ७७०० किलोकॅलरी. नुसत्या मशीनवर किलोभर उतरायला बारा आठवडे!

रात्री स्वयंपाकघरात उभी राहून दुसरा हिशेब केला. एक मोठा चमचा तेल, १५ मिलि, म्हणजे १२० च्या वर किलोकॅलरी. अर्ध्या तासाचा घाम एका चमच्यात. आमच्याकडे पाच लिटरचा डबा महिन्याला संपतो, माणसं चार. वजनानं ४६०० ग्रॅम, दिवसाला माणशी ३८ ग्रॅम. तोच डबा चाळीस दिवस पुरवला तर २९ ग्रॅमवर येतो, आणि माणशी रोजचे ८० किलोकॅलरी वाचतात. आठवड्याचे ५६०. म्हणजे मशीनच्या मेहनतीइतकीच बचत, आणि ती चौघांचीही.

डब्यावर मार्करनं आजची तारीख लिहिली. फोडणीला तेल आता बुधल्यातून ओतायचं नाही, चमच्यानं घ्यायचं.

मग मशीन कशाला, असं ह्यांनी विचारलं. कारण स्नायू काम करताना रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी वाट न बघता आत ओढतात, आणि मांड्यांचे स्नायू शरीरातल्या सगळ्यात मोठ्या स्नायूंपैकी. कारण नुसतं खाणं कमी केलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात. मला वजन कमी करायचंय, ताकद नाही.

सरासरी ७३.९.

३ ऑगस्ट

कंबर धरली होती. कारण शोधायला मुलाला बाजूनं व्हिडिओ काढायला लावला. स्वस्त मशीनची इलास्टिक दोरी जोरात खेचते, सीट पुढे पळते आणि पुढच्या टोकाला पाठ गोल होते. त्याच गोल पाठीवर पुढचा जोर पडतो. दोन उपाय केले. दोरीचं टोक सोडून गाठ दोन बोटं ढिली केली. पट्टा पूर्ण गुंडाळला जाईल एवढाच ताण ठेवला. आणि रेलवर रंगीत टेप लावला: नडगी उभी होते त्या जागी सीट थांबली पाहिजे, त्यापुढे नाही. पायाचे पट्टेही चवड्याच्या सगळ्यात रुंद भागावर आणले, घोट्यापाशी नाहीत. आठवडाभर लेव्हल २.

१६ ऑगस्ट

कंबर शांत. सरासरी ७२.८. तेलाचा डबा अजून शिल्लक.

६ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी

दहा दिवस घरात गणपती, येणंजाणं, मोदक. पहाटेची वेळ सोडली नाही, मात्र वीस मिनिटांवर आणली. मोदक उकडीचे केले, तळणीचे नाही. ७२.७. सणात वजन आहे तिथेच राहिलं, ह्याचं मला खरंच समाधान आहे.

२० सप्टेंबर, शनिवार

एचबीए१सी ५.८. तीन महिन्यांनी केला, कारण रक्तातल्या तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि हा आकडा तेवढ्या काळाची गोळाबेरीज सांगतो. महिनाभरात पुन्हा करण्यात अर्थ नसतो. अजून उंबरठ्यावरच, पण दाराच्या बाहेरच्या बाजूला. रिपोर्ट हातात घेऊन आईला फोन केला. ती बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, "जेवलीस का?"

वजन ७२.१, पण उतरण्याचा वेग मंदावलाय. शरीर हलकं झालं, स्ट्रोक सफाईदार झाला, त्याच वीस मिनिटांना आता मेहनत कमी पडते. नाडीच सांगते: लेव्हल ४ ला जूनमध्ये १३४, आता ११८. आठवड्यातले दोन दिवस बदलले: पाच मिनिटं हलकं, मग एक मिनिट जोरात, दोन मिनिटं हलकं, असं सहा वेळा, शेवटी पाच मिनिटं हलकं. जोरात म्हणजे स्ट्रोक वाढवायचे नाहीत. पायांचा रेटा वाढवायचा. हलक्या फ्लायव्हीलवर भरभर ओढलं तर चाक आधीच पळत असतं आणि हाताला काही लागतच नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार

मशीनबाहेरचा पुरावा हवा होता. पांडवलेणी, नाशिकजवळच्या डोंगरातली लेणी. जूनमध्ये एकदा पायऱ्या न थांबता चढून वर नाडी मोजली होती, १५६. आज तेवढ्याच वेळात चढले, १३२. गुडघा कुरकुरला नाही. उतरल्यावर मिसळ खाल्ली, एक पाव, तर्री बाजूला. मिसळ सोडा असं सांगणाऱ्यानं नाशिकच्या माणसाला सल्ला देऊ नये. महिन्यातून एकदा खाते आणि त्या दिवशी दुसरं तळलेलं नाही.

काकू आता मंगळवार-शुक्रवार दुपारी येऊन लेव्हल १ वर दहा मिनिटं ओढतात. त्यांचा रक्तदाब आहे, म्हणून आधी डॉक्टरांना विचारून यायला लावलं.

२५ ऑक्टोबर

दिवाळीनंतर ७१.९, आधीच्या आठवड्यात ७१.४ होतं. चिवडा भाजक्या पोह्यांचा केला होता, चकल्या तळल्याच. तेलाच्या डब्याची तारीख या महिन्यात धरणार नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

थंडी पडायला लागली. पहाटे पहिली पाच मिनिटं स्वेटर घालूनच ओढते.

सरासरी ७०.९. घेर ९१.५ सेंमी. लक्ष्य ६९.४ चं, म्हणजे दीड किलो बाकी. पाच महिन्यांत पावणेचार किलो उतरलं. जाहिरातीतल्या आकड्यांपुढे हे थोडं दिसेल, पण हे टिकलेलं वजन आहे आणि त्यातला प्रत्येक टप्पा वहीत आहे.

आज देखभाल. सीटचं खरखरणारं बेअरिंग ६०८ मापाचं निघालं, द्वारकेजवळच्या दुकानात सहज मिळालं, चारही बदलले. हँडलच्या पट्ट्याची कड पुलीपाशी उसवली होती. तुटला तर माणूस पाठीवर जाईल, म्हणून तोही बदलला. जुना पट्टा १.६ मिमी जाड, नवा २.१. पट्टा जाड म्हणजे पुलीवरचा गुंडाळा मोठा, आणि तेवढ्याच ओढीत पुलीचे फेरे कमी. लावून पाहिलं: लेव्हल ४, मिनिटाला २२ स्ट्रोक, वीस मिनिटं, नाडी नेहमीचीच, पण काऊंट साधारण आठ टक्क्यांनी कमी.

तेव्हा जुन्या काऊंटशी तुलना आजपासून बंद. वहीत लाल रेघ मारली. सोमवारपासून आठवडाभर लेव्हल ४ वर रोज वीस मिनिटं, आणि त्या आठवड्याची सरासरी हा नवा पाया.